दुभत्याचं कपाट

डॉक्टर पायऱ्या उतरता उतरता म्हणाले, "आता पथ्यबिथ्य काही नको. त्यांना आवडतं ते करून घालत जा," आणि स्कूटरला किक मारून गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले. सुहासिनी दारातच राहिली. डॉक्टरांना हात पुसायला दिलेला पंचा तिच्या हातात होता, एका कोपऱ्यापुरता ओला झालेला. शनिवार पेठेतली ती गडबडीची वेळ. समोरच्या नळाचं पाणी जायला आलं होतं आणि बायका एकमेकींच्या घागरी पायानं सारत होत्या. त्यातल्या एकीनं मान वर करून डोळ्यांनीच विचारलं, काय म्हणाले? सुहासिनीनं मान हलवली. तिचा अर्थ बरं आहे असाही होता आणि नाही असाही. खरं तर डॉक्टरांच्या बोलण्यातला पहिला भाग तिला नवा नव्हता. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यातून परत येताना तिच्या नवऱ्यानं, मधुकररावांनी, आगगाडीच्या खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले होते, बाहेर उसाचे फड मागं पळत होते, आणि त्यांच्या मिटलेल्या पापण्यांवरून ऊन-सावली, ऊन-सावली अशी सरकत होती, तेव्हाच तिला ते कळलं होतं. ते तिनं देवाच्या पायांवर ठेवलं होतं आणि पुन्हा उचललं नव्हतं. अडकली ती दुसऱ्या भागाला. सांगितलेलं काम लगेच हाती घ्यायची तिची सवय; म्हणून पंचा दोरीवर टाकून ती स्वयंपाकघराकडे वळलीसुद्धा. आणि डब्यांच्या फळीसमोर उभी राहिली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की हात कुठल्या डब्याकडे न्यायचा ते तिला ठाऊक नाही.

तिनं फळीकडे पाहिलं. डाळीचे, पिठाचे, रव्याचे डबे, घासून घासून मऊ झालेले. लेकीला, चारुशीलेला काय आवडतं ते तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं: दही घातलेली शेंगदाण्याची चटणी आणि भाताची खरपूस खरवड. गवळ्याला चहात आलं जास्त लागतं. गणपतीला गूळखोबरं, दत्ताला घेवड्याची भाजी, देवीला पुरणाचे दिवे. एवढ्या देवांच्या आवडीनिवडी ती सांभाळत आली होती, त्यांचे वार, त्यांची फुलं, कुणाला तुळस चालत नाही आणि कुणाला केवडा. आणि माजघरात खाटेवर जो माणूस पडला होता त्याला काय आवडतं, या प्रश्नाशी ती फळीखाली तशीच उभी होती. शिरा? शिरा केला की ते म्हणत, छान झालाय. पिठलं केलं की म्हणत, छान झालंय. दुष्काळाच्या साली रेशनवर ती लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर टाकली की घरभर कोंदट वास सुटायचा. तीही त्यांनी मिठाशी कुस्करून खाल्ली होती आणि म्हणाले होते, छान झालीय. मग वाढणारा हात पुढं गेला की ताटावर आडवा पंजा यायचा. मला नको. ते दोन शब्द या घरात इतक्यांदा बोलले गेले होते की भिंतीतल्या खुंटीसारखे झाले होते; त्यांच्यावर बाकी सगळं टांगलेलं, पण खुंटीकडे कोण बघतं?

संसार तिनं नेटका केला, हे सगळी पेठ सांगे. कचेरीतल्या कारकुनाचा पगार, दोन खोल्या, पुढची ओसरी, आणि तरी या घरातून कुणी कधी वाटीभर साखर उसनी मागायला बाहेर पडलं नव्हतं. भाताला तांदूळ मोजून घेतले की त्यातली एक मूठ ती परत एका वेगळ्या डब्यात टाकायची. त्याला ती मुठीचा डबा म्हणे. महिन्याच्या शेवटी, जेव्हा शेजारपाजारच्या चुली थंडावत आणि घराघरांतून नवरा-बायकोचे आवाज चढत, तेव्हा या घरात तो डबा उघडे आणि जेवणं शांतपणे होत. भाजीची देठं वाळवून सांडगे, जुन्या धोतराचं बाळंतकापड, बाळंतकापडाचं पोतेरं. उरलेल्या प्रत्येक गोष्टीवर झाकण ठेवताना ती स्वतःशी म्हणायची, अर्धं ठेवू, उद्याला होईल. ते शब्द तिच्या तोंडात एखाद्या नामासारखे बसले होते. चारुशीलेचं लग्न झालं तेव्हा मांडवातून परत येताना मधुकरराव म्हणाले होते, "कुणाकडे हात पसरावा लागला नाही गं. तुझ्यामुळं." आणि तिला त्या क्षणी, हातात अक्षतांचं रिकामं ताट घेऊन, वाटलं होतं की देवानं आपल्या सगळ्या सोमवारांची, सगळ्या चतुर्थ्यांची दखल घेतली. ते खोटं नव्हतं. आजही नव्हतं. पण आज त्या फळीखाली उभं राहून तिला असं वाटलं की आपण एक घर फार जपून बांधलं आणि त्यात राहणाऱ्याला एकदाही विचारलं नाही, की तुला खिडकी कुठल्या अंगाला हवी.

ती माजघरात गेली. मधुकरराव भिंतीकडे तोंड करून निजले होते. गेल्या दोन महिन्यांत त्यांचे खांदे लहान मुलासारखे झाले होते; सदरा त्यांच्यावर घातल्यासारखा नाही, पांघरल्यासारखा दिसे.

"अहो, काही खावंसं वाटतंय का?"

"काही नको."

"असं काय करता? डॉक्टर म्हणाले, काहीही चालेल."

"मग झालं तर. घरात आहे तेच छान आहे."

"आहे ते नाही विचारत मी. तुम्हाला काय आवडतं ते विचारतेय."

ते कुशीवर वळले. ओळख पटवल्यासारखं त्यांनी तिच्याकडे पाहिलं, थोडं गोंधळून, कचेरीत एखाद्या खेडुतानं भलताच अर्ज पुढं करावा तसं. कपाळाला आठी घालून त्यांनी खरोखर विचार केला, तिच्यासाठी. आणि मग हळूच म्हणाले, "तुला सोपं पडेल ते कर."

ती आत येऊन पाटावर बसली. स्टोव्हला काकडा लावायचा होता, तो तसाच हातात राहिला. तुला सोपं पडेल ते. म्हणजे इतकी वर्षं ते हेच जेवत होते.

दुपारच्या एसटीनं सांगलीहून अक्का आल्या. मधुकररावांच्या थोरल्या बहीण, तिथल्या जुन्या गावभागात राहणाऱ्या. अंगानं भरलेल्या, आवाजानं मोकळ्या, पिशवी ठेवायच्या आधीच बोलायला लागणाऱ्या. दारात पायांवर पाणी घेता घेता त्यांनी आत नजर टाकली, आणि सुहासिनीनं पाहिलं, की त्यांचा तांब्या क्षणभर हवेतच थांबला. पण खाटेशी गेल्या त्या हसतच.

"काय रे मधू, हे काय रूप केलंस? शेतातल्या बुजगावण्याला तुझा सदरा घातला तर ते भरून दिसेल."

"ये अक्का. गाडीला जागा मिळाली?"

"मिळाली तर. कराडपर्यंत एका पैलवानाच्या मांडीवर होते. उतरताना तोच म्हणाला, मावशी, पाय गेला माझा." त्यांनी पिशवीतून पुडी काढून उशाशी ठेवली. "भडंग आणलाय. तुला चावायचा नाही, ठाऊक आहे मला. वास घे नुसता. वासाला काय दात लागतात?"

मधुकररावांनी पुडी नाकाशी नेली. लसूण, मेतकूट, जळकी मिरची. ते डोळे मिटून पडून राहिले. सुहासिनी चहा करायला आत गेली, पण कान बाहेरच होते. चारुशीलेची चौकशी झाली. ती कराडला, सातव्या महिन्यात, डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हणून सांगितलेलं. मग पाऊसपाणी, हळदीचा भाव, कुणाचं तरी मोडलेलं लग्न. आणि मग अक्कांचा आवाज एकदम खाली आला, जुन्या घरात शिरल्यासारखा.

"सुहासिनी, तुला ठाऊक नसेल गं, हा कसला अट्टल चोर होता ते."

"चोर?" ती दोन कप घेऊन दारात आली, एक दुधाचा, एक कोरा.

"सायीचा चोर. दारात म्हैस होती ना आमच्या. आई गणपतीला गेली रे गेली, की हा दुभत्याच्या कपाटापाशी. तापल्या दुधावरची साय अशी अलगद, अख्खी उचलायचा, घडी घालायचा तिची पोळीसारखी, वर चिमूटभर साखर, आणि गट्ट. तोंड पुसून पुन्हा अंगणात, शुभं करोति म्हणायला तयार. नाव कुणाचं? मांजराचं."

"मांजरही होतं," मधुकरराव म्हणाले.

"होतं की. त्या बिचाऱ्यानं आईच्या हातचा किती मार खाल्ला तुझ्यापायी. शेवटी आईनं कपाटाला पितळेची कडी बसवून घेतली. तर हा मला येऊन काय विचारतो, अक्का, मांजराला कडी काढता येते का गं?"

मधुकरराव हसले. आधी नुसते ओठ, मग गळा, मग सगळं अंग; पोटात कळ आली तशी त्यांनी एक हात पोटाशी धरला, पण हसणं थांबेना. डोळ्यांच्या कडांना पाणी आलं. "काढता येते म्हणालीस तू," ते म्हणाले. "खोटं बोललीस माझ्यासाठी." सुहासिनी दोन्ही कप धरून उभी होती. हे हसू तिच्या ओळखीचं नव्हतं. तिच्या लग्नाच्या आधीचं होतं ते, सांगलीच्या त्या अंगणातलं. इतकी वर्षं ते या माणसाच्या आत कुठंतरी कडी लावून बसलं होतं, आणि ते काढायला सांगलीहून माणसाला यावं लागलं. कोऱ्या चहाचा कप तिनं त्यांच्या हातात दिला. अक्का तो बघून म्हणाल्या, "हा नेम अजून चालूच आहे होय? आमच्या घरात नेमांचं वेड याला कधी नव्हतं बाई. सगळी तुझी पुण्याई." त्या कौतुकानंच म्हणाल्या. मधुकररावांनी कपात पाहिलं आणि एक घोट घेतला.

संध्याकाळच्या गाडीनं अक्का परत गेल्या, घरी नातीला ताप होता. जाताना त्यांनी भावाच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली, लहान मुलाची दृष्ट काढतात तशी. सुहासिनी त्यांना राजवाड्यापाशीच्या स्टँडवर गाडीत बसवून आली, पाय धुतले, देवापुढं बसली. तिचा रोजचा नेम होता, तिन्हीसांजेला तुपाचं निरांजन. तेलाचं नाही. माहेरच्या आजीनं लग्नात चांदीचं निरांजन देताना सांगितलं होतं, बाई, याला तेल दाखवू नकोस. विकतचं साजूक तूप परवडण्यासारखं नव्हतंच कधी आणि डालडा देवापुढं जाळायचा तर हात कापले असते. म्हणून घरच्या दुधाची साय. रोजची साय झाकणाच्या भांड्यात साठवायची, भांडं जाळीच्या कपाटात, आठवड्यानं विरजण, ताक, लोणी, तूप. त्या एवढ्याशा तुपात देवाचा महिना निघे. फुलवात पेटली. तिनं हात जोडले. आणि त्या पिवळ्या, स्थिर, जराही न धुरकटणाऱ्या ज्योतीत तिला एक बोट दिसलं.

लग्नाचं पहिलंच वर्ष. याच स्वयंपाकघरात, याच जाळीच्या कपाटापुढं, ते पाठमोरे उभे होते, कचेरीतून येऊन टोपीसुद्धा न काढता. सायीच्या भांड्याचं झाकण एका हातात, दुसऱ्या हाताचं बोट भांड्यात. ती हंडा घेऊन मागून आली होती. ती ओरडली नव्हती. ती कधीच कुणावर ओरडली नाही, आवाज चढवणं तिला देवळात चपला घालून जाण्यासारखं वाटे. ती नुसतं म्हणाली होती, "ती तुपाची आहे. निरांजनाला पुरत नाही मग." ते दचकून वळले. बोटाला साय लागलेली. ते बोट तोंडात घालावं की काय करावं हे त्यांना कळेना. नव्या नवरीपुढं उभा असलेला एवढा मोठा बाप्या, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मग त्यांनी ते बोट भांड्याच्या काठाला पुसलं. नीट, वरून खाली, जराही साय वाया जाऊ नये असं. झाकण ठेवलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं." तिला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला होता. किती समजूतदार माणूस मिळाला. त्या आषाढी एकादशीला ते आपणहून म्हणाले, "या चातुर्मासात मी दूध सोडलं. साय, दही, सगळंच." घरी येणारं दूध म्हणजे केवढं? चारुशीलेच्या वेळचे डोहाळे तेव्हा नुकतेच लागले होते. तिनं मनात म्हटलं, देवालाच काळजी.

कार्तिकी आली तेव्हा नेमाचं उद्यापन करायला हवं होतं. जे सोडलं ते दान द्यायचं, मेहूण जेवायला बोलवायचं, बासुंदीचं जेवण, दुधानं भरलेलं भांडं, दक्षिणा. मगच ती वस्तू पुन्हा तोंडात घालता येते. ती म्हणाली, यंदा बाळंतपण आहे, पुढच्या कार्तिकीला करू. ते म्हणाले, करू की. पुढच्या कार्तिकीला चारुशीलेचं दूध होतं. त्याच्या पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या. मग शाळा आली, मग घराचं भाडं वाढलं. दूध न घेतल्यानं जे वाचत होतं ते उद्यापनात एका दिवसात गेलं असतं, आणि म्हणून नेम चालू राहणंच स्वस्त पडत होतं. असं तिनं कधी शब्दांत म्हटलं नाही. पण हिशेब करणारं मन शब्द कुठं वापरतं? काही वर्षांनी तर उद्यापनाचं नावसुद्धा कुणी काढेनासं झालं. ते कोरा चहा पिणारे मधुकरराव झाले. कचेरीतला चहावाला त्यांचा कप वेगळा ठेवी. पाहुणे आले की ती सांगे, यांचा नेम आहे, दुधाचं चालत नाही. आणि ते सांगताना तिच्या आवाजात जो गोडवा येई तो तिला आत्ता या देवघरात बसून स्वतःच्याच कानांनी ऐकू आला आणि तिनं डोळे उघडले.

डोळे उघडल्यावरही ते थांबलं नाही. कराडला मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं, कोयनेच्या काठी मांडव. पुरुषांची पंगत. ती बायकांच्या घोळक्यातून पाहत होती. बासुंदी आली, जाड, केशरी, वाढप्याच्या ओगराळ्यातून सावकाश पडणारी. मधुकररावांनी वाटीवर पालथा हात ठेवला. वाढपी आग्रह करून थकला, पुढं गेला. शेजारची एक बाई तिच्या कानाशी म्हणाली, "बाई, किती कडक नेम गं यांचा," आणि ती खाली मान घालून हसली. पण वाढपी पुढं गेल्यावरही तो हात वाटीवरच होता. पंगत उठेपर्यंत. रिकामी वाटी, आणि तिच्यावर तो हात, आपल्यालाच आपला भरवसा नसल्यासारखा. तेव्हा तिनं तो पाहिला होता. डोळ्यांनी पाहिला होता, आणि पुढं जाऊन हळदीकुंकू घेतलं होतं. निरांजन शांत झालं. तुपाची वात विझताना जो वास येतो तो तिचा सगळ्यांत आवडता वास होता. आज तिनं पदर नाकाशी धरला.

सकाळी आप्पासो गवळी आला. वाढे गावचा, अंगावर लष्करातून सुटताना आणलेला जुना खाकी स्वेटर, सायकलला दोन्ही अंगांना कॅन. तिनं नेहमीचं लहान पातेलं न आणता मोठं आणलं तसा तो हसला.

"पाव्हणं आल्यात व्हय वैनी?"

"नाही. आज म्हशीचं दे. सगळं पातेलं भरून. आणि आप्पासो, निव्वळ दे. पाणी नको त्यात."

"आवं, इतकी वर्सं झाली, पानी घालतुय म्हून कवा बोलला न्हाई, आन आज दारात हुबं करून बोलताय व्हय?"

"बोलतेय बाबा. साय यायला हवी. जाड."

"आमच्या म्हशीच्या सायीवर माशी बसली तर बुडत न्हाई, चालत जातीया. पर तुमाला कशाला हो एवढी?"

"साहेबांना हवीय."

त्यानं माप टाकलं, दुसरं टाकलं. त्याच्या तोंडावरचं हसू कमी कमी होत गेलं. साहेबांना दूध चालत नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि डॉक्टरांची स्कूटर काल या दारात उभी होती हेही. पातेलं काठोकाठ झालं तरी त्यानं कॅन आणखी वाकवला. "साहेबास्नी म्हणावं, आप्पासोनं रामराम घातलाय," तो म्हणाला, आणि घंटी न वाजवता गेला.

तिनं दूध मंद आचेवर ठेवलं. दुसरं काही केलं नाही. पोथी वाचली नाही, तुळशीला पाणी राहिलं. पातेल्याच्या कडेला आधी बारीक बुडबुड्यांची झालर आली, मग मध्ये सुरकुती पडली, मग सगळं दूध अंगावर एक शहारा घेऊन वर उचललं गेलं. तिनं वात खाली केली. पुन्हा वर, पुन्हा खाली. मग उतरवून जाळीखाली ठेवलं आणि निवेपर्यंत पाटावर बसून राहिली. माजघरातून त्यांचा श्वास ऐकू येत होता. आत जाताना अडखळणारा, बाहेर येताना घाई करणारा. ऊन खिडकीतून फळीवर आलं, फळीवरून सरकून भिंतीवर गेलं. दुपार कलती झाली तेव्हा तिनं जाळी उचलली. साय बसली होती. फिकट पिवळी, बोटाच्या पेरासारखी, वर बारीक बारीक खळगे. आणि तिचा हात, तिला न विचारता, जाळीच्या कपाटाकडे गेला, कडी काढली, सायीचं भांडं बाहेर घेतलं, झाकण काढलं. आतली आठवड्याची आंबूस साय तिच्याकडे बघत होती. इतक्या वर्षांचा हात होता तो. तिनं त्याच्याकडे पाहिलं. भांडं जिथल्या तिथं ठेवलं.

उलथण्यानं कडा सोडवून तिनं ती साय अख्खी उचलली. घडी घातली, अक्कांनी सांगितली होती तशी. वाटीत ठेवली, वर साखर पेरली. चिमूट नाही, मूठ. देवघर मध्येच होतं. या घरात आजवर शिजलेला, तापलेला, उकळलेला कुठलाही पदार्थ देवाला दाखवल्याशिवाय माणसाच्या तोंडात गेला नव्हता. ती वाटी घेऊन देवापुढं थांबली. तुळशीपत्र उचलायला हात गेला असता तर देवानं काही नाही म्हटलं नसतं. पण तिला वाटलं, या वाटीतला पहिला वाटा देव फार दिवस घेत आलाय. "आज नाही," ती हळू आवाजात म्हणाली, घरातल्या वडीलधाऱ्याला समजावून सांगावं तसं, "आज तुम्ही थांबा." आणि पुढं गेली.

मधुकररावांना तिनं उशीला टेकवून बसवलं. त्यांनी वाटी पाहिली. मग तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा वाटीकडे.

"हे काय गं?"

"साय."

"आज काय आहे?"

"काही नाही. कुठला वार नाही, सण नाही." तिनं वाटी त्यांच्यापुढं धरली. "उद्यापन राहिलं तुमचं. माझ्याच्यानं झालं नाही. नेम मोडल्याचं पाप मी घेतलंय माझ्या अंगावर, देवाला सांगून आलेय. तुम्ही खा."

समोरच्या नळावर कुणाची तरी बादली सुरू झाली होती, रिकाम्या तळाशी पाण्याचा खण्ण आवाज, मग तो भरत भरत मऊ होत गेला.

"पाप कसलं," ते म्हणाले. "तो नेम मी देवापुढं घेतलाच नव्हता गं. तुझ्यापुढं घेतला होता."

"माझ्यापुढं?"

"तुला अवघड वाटू नये म्हणून. देवाचं नाव घातलं की तुला बरं वाटायचं." ते थोडं हसले. "तुझा काय दोष? तूप पुरत नव्हतं, खरंच होतं ते."

तिनं चमचा पुढं केला. त्यांनी मान हलवली आणि उजवा हात पांघरुणातून काढला. हाडांवर कातडं राहिलेलं ते बोट त्यांनी वाटीत घातलं, कडेनं सायीचा एक पदर उचलला, साखरेसकट, आणि तोंडात घातला. डोळे मिटले. गाल हलले, थांबले, पुन्हा हलले. गिळताना त्रास झाला. गळ्याची घाटी वर गेली आणि तिथंच राहिली, मग खाली आली. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का हे ती पाहत होती, श्वास धरून, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या पोरीसारखी. एका घासात सगळं गट्ट करणारा तो मुलगा तिला एकदा, एकदाच बघायचा होता. तेवढंच ती मागत होती, आयुष्यात पहिल्यांदा देवाजवळ नाही, त्यांच्याजवळ. त्यांनी दुसरा पदर उचलला. तोही खाल्ला. तिसऱ्या वेळी बोट वाटीपर्यंत गेलं आणि काठावर थांबलं.

"छान झालीय," ते म्हणाले.

"मग घ्या ना. सगळी तुमचीच आहे. दुसरं कुणी नाही खायला."

त्यांनी वाटीत डोकावून पाहिलं. किती उरली ते पाहिलं, तिच्याच नजरेनं, तिनं इतकी वर्षं प्रत्येक भांड्यात डोकावून पाहिलं तसं. मग बोटाला लागलेली साय त्यांनी वाटीच्या काठाला पुसली, वरून खाली, नीट.

"अर्धी ठेव," ते म्हणाले. "उद्याला होईल."

सुहासिनीचे ओठ हलले. नाही म्हणावं, आत्ताच खा म्हणावं, उद्याचं काही खरं नाही म्हणावं. यातलं एकही वाक्य तिला त्या माणसापुढं बोलता येईना, ज्यानं तिच्यासाठी खोटा नेम इतका खरा करून दाखवला होता. तिनं वाटीवर बशी झाकली. "हो," ती म्हणाली. "होईल."

"आणि कडी लाव. मांजर येईल."

या घरात मांजर कधीच नव्हतं. ती आत गेली. वाटी हातात घेऊन जाळीच्या कपाटापुढं थोडा वेळ उभी राहिली. माजघरातला तो अडखळणारा श्वास तिच्या पाठीशी होता, वाट पाहत. मग तिनं वाटी मधल्या खणात ठेवली, दार लावलं, आणि कडी जरा जोरात घातली, बाहेर ऐकू जाईल अशी. तिनं वळून पाहिलं तेव्हा मधुकररावांनी समाधानानं डोळे मिटले होते.